अकरा वाजता पडणारा ब्रेकर

हॉस्पिटलचं काम मिळाल्याचं पत्र आलं, तेव्हा वहिनींनी शिवणघराच्या दारात उभं राहून एवढंच सांगितलं, "तीन हजार गाऊन, दोन हजार चादरी. अठ्ठावीस दिवस."

चौदा मशिनांवरच्या चौदा जणींनी एकदमच पॅडलवरचा पाय उचलला. खोली इतकी गप्प झाली की कोपऱ्यातल्या इस्त्रीची वाफ फुसफुसताना ऐकू आली. कटिंगमास्तरांनी कात्री टेबलावर ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "म्हणजे आपल्याला मिळालं?"

"आपल्यालाच."

मग जो कल्ला झाला तो वरच्या मजल्यावर आबांपर्यंत पोचला. पोचायलाच हवा होता, कारण हे काम मिळालं होतं ते आबांच्या डोक्यातून निघालेल्या एका नाडीमुळे. शंभर-शंभर मशिनांच्या कारखान्यांनी नमुने पाठवले होते आणि त्या सगळ्या गाऊनच्या नाड्या पाठीमागे होत्या. वहिनींच्या गाऊनची नाडी कुशीला होती. आडव्या पडलेल्या पेशंटला कूस न बदलता, स्वतःच्या हातानं बांधता येईल अशी. आबा म्हणजे वहिनींचे सासरे. दोन वर्षांपूर्वी पोटाच्या ऑपरेशनसाठी ते तीन आठवडे हॉस्पिटलात होते, तेव्हा पाठीखालची ती गाठ त्यांना इतकी टोचली की घरी आल्यावर बसायच्या आधीच ते म्हणाले होते, "गाऊन शिवणारा कधी आजारी पडलेला नसावा."

हे शिवणघर आबांनीच एका पायमशिनवर सुरू केलं होतं. आता त्यांना समोरचं माणूस दिसायचं, पण माणसाचा चेहरा दिसायचा नाही. मोतीबिंदू काढून झाले होते, त्यापलीकडे डॉक्टरांच्या हातात काही नव्हतं. तरी रोज सकाळी अकराला, बायकांच्या चहाच्या वेळी, इस्त्रीचा शर्ट घालून ते आतल्या जिन्यानं खाली यायचे आणि कटिंगच्या टेबलाशी स्टुलावर बसायचे. तयार कपडा मांडीवर घेऊन शिवणीवरून अंगठा फिरवायचे. टाका सुटला असेल तर अंगठा थांबायचा. कुणाच्या मशिनवरचा आहे हेही ते सांगायचे, आणि ते चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. जेवायला वर जायचे, चारला परत खाली, पाचच्या सुमारास परत वर.

वहिनींचा नवरा बाहेरगावी नोकरीला होता, शनिवार-रविवार घरी यायचा. त्यामुळे खालचं शिवणघर, वरचं घर आणि मधला जिना असा सगळा कारभार वहिनींच्या अंगावर होता. तो त्यांना पेलतही होता.

हॉस्पिटलची एक अट होती. शिवणघरातला विजेचा बोर्ड नवा हवा, आणि त्यात माणसाला धक्का बसायच्या आत आपोआप पडेल असा ब्रेकर हवा. वहिनींनी दुसऱ्याच दिवशी तो बसवून घेतला. पांढराशुभ्र बोर्ड, त्यावर हिरवा दिवा. वहिनी रोज संध्याकाळी त्याचं मेन बंद करायच्या, मगच वर जायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला ब्रेकर पडला.

चौदा मशिनं, पंखे, इस्त्री, सगळं एका क्षणात मुकं. मास्तरांनी खटका वर केला, काम सुरू झालं. पावणेएकला पुन्हा पडला, चारला पुन्हा. पाचला पुन्हा. दुसऱ्या दिवशी तेच. कधी खटका लगेच चढायचा, कधी चढवला की हातातल्या हातात परत पडायचा. एका गाऊनची बाही अर्धी जोडून राहिली की ती परत धरताना घडी सरकायची, उसवून पुन्हा घालावी लागायची. पाच मिनिटांचा अंधार अर्धा तास खायचा. मास्तरांनी बोर्डाशेजारच्या भिंतीवर खडूनं वेळा लिहायला सुरुवात केली. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. हातात खडू असतोच म्हणून.

आठव्या दिवशी जावईबापू आले. जावईबापू म्हणजे वहिनींच्या नणंदेचे यजमान. पाण्याच्या टाकीपासून दातदुखीपर्यंत त्यांना कळत नाही असं काही नव्हतं, आणि प्रत्येक कामाला त्यांच्या ओळखीचा एक मोठा माणूस असायचा.

"वहिनी, कोपऱ्यावरच्या माणसांची कामं नाहीत ही. माझ्या ओळखीचा कंत्राटदार आहे. मॉलची वायरिंग करतो."

कंत्राटदार दोन माणसं घेऊन आला. एकसारखे शर्ट, एकसारख्या टोप्या, यंत्रांच्या दोन पेट्या. त्यांनी बोर्ड उघडला, दोन तास मोजमाप केलं, सगळे स्क्रू आवळले. वहिनींनी विचारलं, "वर घरातलंही बघता का?" तर कंत्राटदार म्हणाला, "घरगुती काम आम्ही करत नाही. आमचं फक्त कमर्शियल."

आणि काय सांगावं, पुढचे दोन दिवस ब्रेकर एकदाही पडला नाही. जावईबापूंनी फोन करून तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा स्वतःच सांगितलं, "मी म्हटलं होतं." तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला ब्रेकर पडला. या वेळी तो दोन तास चढलाच नाही. बायका मशिनांशी बसून हातानं काजं करत राहिल्या.

कंत्राटदार परत आला. आता त्याचा चेहरा गंभीर होता. "जुनी बिल्डिंग, जुनी वायर. भिंतीत कुठंतरी करंट गळतोय. सगळी वायरिंग नवी करावी लागेल, भिंती फोडून."

"किती दिवस?"

"बारा. तेवढे दिवस काम बंद ठेवा."

त्या दिवशी हॉस्पिटलच्या तारखेला बरोबर पंधरा दिवस उरले होते. वहिनींनी मान डोलावली. "उद्या दुपारी सांगते," म्हणाल्या, आणि त्याला दारापर्यंत पोचवून आल्या. मग कटिंगच्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. 

तिसऱ्या मशिनवरची बाई दोरा ओवता ओवता म्हणाली, "वहिनी, मीटरताईंना का नाही बोलवत?"

"त्या मीटर वाचायला यायच्या, त्याच ना?"

"वाचायला नाही, तपासायला. अकरा वर्षं मीटर तपासायच्या खोलीत नोकरी केली त्यांनी. ती खोलीच बंद झाली. मग परीक्षा देऊन लायसन काढलं, स्वतःचं काम सुरू केलं. आमच्या पंपापुढं तिघांनी हात टेकले होते. यांनी वीस मिनिटांत चालू केला."

"पण त्या घरची कामं करतात ना? आपलं दुकानाचं आहे."

"वीज काय दार बघून आत येते का?" बाई म्हणाली. दोरा ओवून झाला होता.

वहिनींनी फोन लावला. पलीकडून घाईचा, पण स्वच्छ आवाज आला. "दुकान की घर?"

"खाली दुकान, वर घर."

"मीटर दोन?"

"दोन."

"जिना आतून की बाहेरून?"

वहिनींना हा प्रश्न विचित्र वाटला. "आतून."

"उद्या सकाळी नऊ."

आणि नऊला पाच कमी असताना स्कूटर दारात उभी राहिली. इलेक्ट्रिशियननं सांगितलेल्या वेळेच्या आधी येण्याचा प्रसंग वहिनींच्या आयुष्यात हा पहिलाच. पंचेचाळिशीच्या, बुटक्या, कानावर पेन्सिल ठेवावी तसा टेस्टर ठेवलेल्या मीटरताई आत आल्या. खांद्यावर जाड कापडाची पिशवी होती. मास्तरांनी आधी बाईंकडे न बघता पिशवीकडे बघितलं आणि म्हणाले, "पिशवीचा बंद कच्चा आहे, तुटेल."

"वायरिंग माझी पक्की असते, मास्तर. शिवण तुमच्यावर सोपवते," मीटरताई म्हणाल्या.

त्यांनी बोर्ड उघडलाच नाही. एक स्टूल ओढून त्या भिंतीसमोर बसल्या आणि खडूनं लिहिलेल्या वेळा वाचू लागल्या. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," मास्तर जरा चाचरत म्हणाले. "पुसून टाकतो."

"हात लावू नका. माझं अर्धं काम तुम्ही करून ठेवलंय." त्यांनी बोट ठेवलं. "अकरा, पावणेएक, चार, पाच. रोज तेच. वायर सडली असेल तर ती घड्याळ बघून पडत नाही. हे दोन दिवस रिकामे का?"

"कंत्राटदाराच्या माणसांनी स्क्रू आवळले होते," वहिनी म्हणाल्या.

"आणि दोन दिवसांनी ते आपोआप सैल झाले?"

वहिनींनी मास्तरांकडे बघितलं.

"स्क्रू सोडा. त्या दोन दिवसांत घरात वेगळं काय होतं? पाहुणे? कुणी बाहेरगावी? पाणी आलं नाही? काहीही."

"काही नाही. आबांना ताप होता, ते वरच झोपून होते."

मीटरताईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "आबा कोण?"

"माझे सासरे. पण ते कशाला हात लावत नाहीत हो. त्यांना दिसत नाही नीट."

"मला वर घेऊन चला."

"वर कशाला? घोटाळा खाली आहे."

"वहिनी, खालचं छत म्हणजेच वरची जमीन ना?"

जिना अरुंद, मध्येच वळणारा, खिडकी नसलेला. वहिनी सवयीनं मोबाइलचा उजेड पाडत पुढं निघाल्या.

"इथं दिवा नाही?" मागून आवाज आला.

"आहे, पण बिघडलाय. दोनदा बल्ब बदलला. संध्याकाळी लागतच नाही."

"दिवसा लावून बघितला?"

"दिवसा कोण लावतं?"

मीटरताई एका पायरीवर थांबल्या. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाजात हसू होतं. "चला," म्हणाल्या.

आबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते, अकराची वाट बघत. कुणीतरी विजेचं बघायला आलंय हे कळल्यावर ताठ झाले. "मी काही केलेलं नाही," ते म्हणाले. कुणी काही विचारायच्या आत.

"कुणी म्हटलं केलंत म्हणून?" मीटरताई त्यांच्या शेजारी बसल्या. "तुम्ही अकराला खाली जाता ना? कसे जाता?"

"पायांनी."

"मला दाखवाल? रोज जाता तसेच. काही जास्त नाही, काही कमी नाही. वहिनी, तुम्ही खाली जाऊन उभ्या राहा. मशिनं सगळी चालू ठेवा."

वहिनी खाली आल्या. चौदा मशिनं खडखडत होती. वर जिन्याच्या तोंडाशी आबांच्या चपला वाजल्या. मग एक लहानसा खट् असा आवाज आला, इतका लहान की मशिनांच्या गोंगाटात तो ऐकू आला हेच नवल.

आणि सगळं थांबलं.

पंखे गरगरत मंद झाले. कुणी हललं नाही. बोर्डावरचा खटका खाली पडलेला होता. वहिनींनी जिन्याच्या वळणापर्यंत जाऊन वर बघितलं. जिन्यात आबांची आकृती भिंतीला धरून उभी होती, एक पाय पहिल्या पायरीवर, एक वरच. त्यांच्या मागे मीटरताई.

"हे असं होतं," आबा म्हणाले. त्यांचा आवाज वेगळाच होता. "दोन आठवडे झाले. दिवा लावतो, एकदा भपकन उजेड दिसतो आणि मग काळोख. मला वाटलं, माझे डोळेच गेले. उरलंसुरलं तेही. म्हणून बोललो नाही. उगाच तुम्ही डॉक्टरकडे धावाल, हातात एवढं मोठं काम असताना."

वहिनी तीन-तीन पायऱ्या ओलांडत वर गेल्या. आबांचा हात धरला. दोन आठवडे हा माणूस रोज चार वेळा या काळोखात पाय टाकत होता आणि शेवटचं दिसणंही संपलं असं समजून खाली येऊन शिवणी तपासत होता. 

"आबा," मीटरताई म्हणाल्या, "तुमचे डोळे होते तसेच आहेत. दिवा खरंच जात होता. बाकीची डोळस माणसं इथून दिवा न लावता पळत होती, म्हणून त्यांना कळलं नाही. या घरात तो दिवा लावणारे तुम्ही एकटेच."

आबांनी दिव्याच्या दिशेनं मान वर केली. "खरंच जात होता?"

"भपकन लागून जात होता. तुम्ही बघितलंत तेच बरोबर."

खाली जिन्याच्या तोंडाशी सगळ्या जणी गोळा झाल्या होत्या. मीटरताईंनी खालचं बटण दाबून दिवा बंद केला, मास्तरांना खटका वर करायला सांगितलं. मशिनं चालू. दिवा लावला, मशिनं बंद. पुन्हा. तिसऱ्या वेळी बायकाच मोजू लागल्या, "एक, दोन, पडला." कुणाला तरी हसू फुटलं आणि मग ते आवरेना. आबाही हसले. ते हसताना त्यांचे खांदे हलायचे, हे वहिनी विसरूनच गेल्या होत्या.

"आता ऐका," मीटरताई म्हणाल्या. बटणाची पेटी त्यांनी उघडली होती आणि आतल्या दोन वायरी बाहेर काढल्या होत्या, एक लाल, एक काळपट. "घर बांधताना ज्यानं वायरिंग केली, त्यानं वायर वाचवली. या दिव्याला करंट येतो दुकानातून आणि परत जातो घरातून. जुन्या बोर्डाला त्याचं काही नव्हतं. नवा ब्रेकर मात्र हिशोबी आहे. गेला तेवढा परत आला का, एवढंच तो बघतो. दुकानातून गेलेला परत आला नाही, की त्याला वाटतं गळाला, कुणाला तरी धक्का बसतोय. तो बिचारा माणूस वाचवायला पडतो."

"म्हणून संध्याकाळी लागायचा नाही," वहिनी हळूच म्हणाल्या. "मी मेन बंद करायचे."

"बरोबर."

"आणि परवा दोन तास खटका चढला नाही तो?"

"परवा आबा घाबरून खालचं बटण न दाबताच खाली आले असतील. दिवा चालूच राहिला."

आबांनी मान हलवली. "हातच पोचला नाही भिंतीपर्यंत."

"तुम्हाला हे कसं कळलं?" मास्तरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात, एका कारागिराला दुसऱ्या कारागिराबद्दल वाटते तसली अदब होती.

"दोन मीटर आणि आतला जिना. मीटरच्या खोलीत आठवड्याला एक तरी तक्रार अशीच यायची. खालचा म्हणायचा वरच्याचा दोष, वरचा म्हणायचा खालच्याचा. घरवाला घर तपासायचा, दुकानवाला दुकान. जिना कुणाचाच नसायचा."

दिवा पूर्णपणे घराच्या मीटरवर घ्यायचा ठरला. त्यासाठी एकच नवी वायर जिन्याच्या जुन्या नळीतून वर खेचायची होती. नळी वळणावर तुंबलेली होती, वायर तिथं अडायची. मीटरताईंनी तीनदा खालून ढकलली, तीनदा ती दुमडून परत आली. तेव्हा तिसऱ्या मशिनवरची बाई उठली, नाडी ओवायची लांब स्टीलची पट्टी घेऊन आली आणि म्हणाली, "हिच्यानं बघा." पट्टी वळणातून सुळकन गेली. मागोमाग वायरही गेली. पाव तास एकीकडे खाली मशिनं आणि एकीकडे जिन्यात नळी असा कारभार झाला, पण त्यासाठी तीनपेक्षा जास्त मशिनं एकदाही थांबली नाहीत.

बारा वाजता मीटरताईंनी दोन्ही बटणं कमरेच्या उंचीवर आणून बसवली, आबांच्या हाताला आपोआप लागतील अशी. जिन्याला दुप्पट उजेडाचा बल्ब दिला. मग अख्ख्या दुकानाची वायरिंग यंत्र लावून मोजली, एक एक सर्किट. "वायर जुनी आहे, पण शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "अजून पाच-सात वर्षं हिला हात लावायचं कारण नाही. भिंतींना हात लावायचाच असेल तर रंग द्यायला लावा."

दुपारी दोनला जावईबापू कंत्राटदाराला घेऊन आले, होकार घ्यायला. शिवणघरात मशिनं चालू होती. बोर्डाशेजारी मीटरताई उभ्या होत्या.

"या कोण?" जावईबापू म्हणाले.

"आमच्या इलेक्ट्रिशियन," वहिनी म्हणाल्या. "दोष सापडला. जिन्यात होता."

जावईबापूंनी मीटरताईंकडे बघितलं, कानावरच्या टेस्टरकडे बघितलं, मग वहिनींकडे बघितलं. "वहिनी, दोन दिवस तर आमच्या माणसांनीही चालवून दाखवलं होतं. परवा परत पडेल, तेव्हा काय कराल?"

कंत्राटदाराच्या चेहऱ्यावरही तेच होतं. वहिनींनी मीटरताईंकडे बघितलं. मीटरताईंनी वर हाक मारली, "आबा, जरा खाली येता का?"

वर बटणाचा आवाज झाला. जिना उजळला. आबा खाली आले. मशिनं चालू होती.

"आता वर जा."

आबा वर गेले.

"परत या."

आबा परत आले. तिसऱ्या फेरीला त्यांनी भिंत न धरता पायऱ्या उतरायला सुरुवात केली. चौथ्या फेरीला मास्तर टेबलावर कात्रीनं ठेका देऊ लागले. सहाव्या फेरीला चौदा मशिनं एका लयीत चालली होती आणि आबा, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, लग्नाच्या मांडवातल्या वरबापासारखे छाती पुढं काढून जिना चढत-उतरत होते. ब्रेकर जागचा हलला नाही. दहाव्या फेरीनंतर आबा मधल्या पायरीवर थांबले आणि म्हणाले, "जावईबापू, अजून शंका असेल तर सांगा. पण मग एक कप चहा लागेल."

सगळ्या जणी हसल्या. जावईबापूंनाही हसावं लागलं.

कंत्राटदार मात्र हसला नाही. तो मीटरताईंजवळ गेला. "बघू का?" त्यानं विचारलं, आणि त्यांनी बटणाची पेटी उघडून दाखवली. काढून टाकलेली काळपट वायर त्यानं बोटांत फिरवली. "आम्ही वर गेलोच नाही," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. मग वहिनींकडे वळला. "बारा दिवस म्हणालो होतो, ते चुकलं माझं." एवढं बोलून तो सरळ निघून गेला. पुढं त्यानं मीटरताईंचा नंबर घेतला, हे जावईबापूंनी मागाहून फोनवर सांगितलं, आणि आपणच तो घ्यायला सांगितलं असंही.

त्या दिवसापासून शिवणघरात काम नुसतं चाललं नाही, धावलं. रोज संध्याकाळी मास्तर खडूनं भिंतीवर आकडा मांडायचे. दोनशे दहा. दोनशे अठ्ठेचाळीस. एके दिवशी तीनशे पाच, आणि त्या दिवशी पंखे बंद झाले तरी बायका घरी गेल्या नाहीत, तो आकडा डोळे भरून बघत राहिल्या. आबा आता अकराच्या ऐवजी दहालाच खाली येऊ लागले. त्यांच्या अंगठ्यानं तेवीस गाऊन परत पाठवले, आणि तेवीसही वेळा त्यांचंच बरोबर निघालं. तिसऱ्या मशिनवरच्या बाईचा एकही नव्हता, हे तिनं सगळ्यांना ऐकवलं.

सव्विसाव्या दिवशी, शनिवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, शेवटच्या चादरीची शेवटची कड दुमडली गेली. दोन दिवस आधीच. वहिनींच्या नवऱ्यानं गठ्ठे बांधायला शर्टाच्या बाह्या वर केल्या. सोमवारी सकाळी टेम्पो हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी लागला.

हॉस्पिटलच्या भांडारातले साहेब अबोल होते. त्यांनी मधले मधले चाळीस गाऊन काढले, उलटे केले, शिवणी ओढून पाहिल्या. एक गाऊन स्वतःच्या कपड्यांवरून घातला, रिकाम्या खाटेवर आडवे झाले आणि कुशीची नाडी एका हातानं बांधली. उठून बसले. पुन्हा सोडून बांधली.

"दुसऱ्या इमारतीचं काम पुढच्या महिन्यात निघेल," ते म्हणाले. "याच्या दुप्पट. जमेल?"

वहिनींनी मागं वळून कुणाकडेही बघितलं नाही. "जमेल."

साहेबांनी कागद पुढं ओढला. "किती माणसं आहेत तुमच्याकडे?"

"सतरा."

"इथं चौदा लिहिलीत."

"चौदा मशिनांवर," वहिनी म्हणाल्या. "शिवाय कटिंगमास्तर, आमचे आबा आणि इलेक्ट्रिशियन."

साहेबांनी चौदावर रेघ मारली आणि सतरा लिहिलं.